लोडायच्या वाळूतली शंभरीची झिनफँडेल : कोणी प्यायलंय का?

बे_एरियाचा_भाऊ

आधी उच्चार मिटवून टाकतो, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद त्यातच जातील. गावाचं नाव लिहितात लोदीसारखं, पण तिथली माणसं म्हणतात 'लोडाय'. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोच्या दक्षिणेला, हायवे ९९ वर, आमच्या फ्रीमाँटहून साधारण दीड तास. नापाला, म्हणजे इथल्या नावाजलेल्या वाइनच्या खोऱ्यात जातो म्हटलं की ऑफिसात चार जण विचारतात, कुठली वायनरी, किती पैसे घेतात चवीचे. लोडायला जातो म्हटलं की विचारतात, तिथे कोणी नातेवाईक आहेत का?

नातेवाईक नाहीत. पण ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी एका ओळखीच्या ओळखीने तिथल्या एका शेतकऱ्याच्या मळ्यात शिरायला मिळालं आणि तेव्हापासून डोक्यातून ते जात नाही, म्हणून धागा.

मळा नऊ एकरांचा. मालक सत्तरीचे. त्यांच्या आजोबांनी १९१० च्या सुमारास लावलेली झिनफँडेल (लाल वाइनची, काळ्या द्राक्षाची जात) अजून उभी आहे. उभी म्हणजे अक्षरशः स्वतःच्या पायावर. ना तार, ना खांब, ना मांडव. कमरेएवढं एक खोड, त्यातून चहूकडे चार-पाच बाहू निघालेले, आणि त्यावर पाल्याची टोपी. लांबून प्रत्येक वेल म्हणजे कोणीतरी उकिडवं बसलंय असं वाटतं. एका वेलीजवळ मी खाली बसून पाहिलं तर खोड मधोमध पोकळ, माझी मूठ आरपार जात होती. एका बाजूची चार बोटं रुंद जिवंत पट्टी तेवढी शिल्लक, आणि त्या पट्टीच्या जिवावर वर सात घड. मालक म्हणाले, "हिला मी शाळेत असल्यापासून मरताना बघतोय."

एक घड हातात धरायला दिला. झिनफँडेलची खोड अशी की घड एकदम पिकत नाही. एकाच घडात दोन मणी हिरवे, काही गुलाबी, बरेचसे काळे, आणि खांद्यापाशी चार-सहा मणी सुकून चक्क मनुका झालेले. मालकांनी गुलाबी सोडून तिन्ही खायला लावले. हिरवा म्हणजे कैरीची फोड. काळ्याचं साल तुरट, आतला गर गोड. मनुका तर खजुरासारखा. "या सगळ्याची मिळून वाइन होते," म्हणाले. "तरुण वेलीत हा गोंधळ फार असतो. म्हाताऱ्या वेली जरा एकसारख्या पिकतात. वयाने समज येत असावी."

आता माती. चालताना बूट भरले. मोकलमी नदीने सिएरा पर्वतातला ग्रॅनाइट दळून हजारो वर्षं इथे आणून टाकलाय. पिठासारखी बारीक, फार खोल रेताड माती. तिचं शास्त्रीय नावच 'टोके' आहे, आणि टोके हे इथल्या जुन्या खाण्याच्या द्राक्षाचं नाव. गावातली १९०७ सालची कमानसुद्धा या टोके द्राक्षाच्या जत्रेसाठीच बांधलेली. म्हणजे वाइनचं गाव म्हणून मिरवण्याआधी हे टेबल द्राक्षाचं गाव होतं. निफाड-पिंपळगावच्या लोकांनी इथे कान टवकारावेत.

या वाळूमुळेच हे म्हातारे वाचले. फायलोक्सेरा नावाचा मुळांचा रस शोषणारा बारीक किडा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या द्राक्षबागा खाऊन गेला. त्यावर उपाय म्हणजे अमेरिकन जंगली जातीच्या मुळावर युरोपियन द्राक्षाचं कलम. पण वाळूत त्या किड्याला नीट हिंडता येत नाही, त्याची भुयारं ढासळतात. त्यामुळे लोडायच्या कितीतरी जुन्या वेली आजही कलम न करता स्वतःच्या मुळावर आहेत. उलट नापाने भरवशाचं म्हणून जे एएक्सआर-१ नावाचं खुंट (कलमाखालचं मूळ) वापरलं, ते १९८० च्या दशकात त्याच किड्यापुढे कोलमडलं आणि हजारो एकर नव्याने लावावे लागले. म्हणजे श्रीमंताघरचं पडलं, गरिबाघरचं राहिलं.

चवीचं सांगतो. नेहमीचं वर्णन म्हणजे 'जॅमी', मुरांब्यासारखी. ते अर्धंच खरं आहे. मी जी प्यायलो (याच मळ्यातली, चार वर्षांपूर्वीची) तिला पहिल्या घोटात करवंद आणि काळं जांभूळ, मग मिरी, आणि गिळल्यावर जिभेच्या कडांना जांभळाचाच तुरटपणा. पण अंगावर येणारी नाही. नापाची कॅबरने (तिथली जड लाल वाइन) तोंडात शिरते तेव्हा पाहुणा बूट घालून घरात आल्यासारखं वाटतं. ही चपला बाहेर काढून येते. मद्यार्क मात्र साडेपंधरा टक्के, तेव्हा पायांनी आवाज केला नाही म्हणून गाफील राहू नका.

तर प्रश्न असा: वेल म्हातारी झाल्याने वाइन खरंच वेगळी होते, की आपण वयाला नमस्कार करतोय? अनुभव असतील तर लिहा.

कोरडा_दिवस

लेख उत्तम. पण लोदी पानिपतावर हरला तो याच्यामुळेच, हे इतिहासात का शिकवलं नाही?

बे_एरियाचा_भाऊ

@कोरडा_दिवस, वाटच बघत होतो. दिल्लीच्या लोदींशी काही संबंध नाही. स्टेशनचं आधीचं नाव मोकलमी. ते बदललं, आणि नवं नाव इटलीतल्या लोदीवरून की त्या काळच्या एका शर्यतीच्या घोड्यावरून, यावर गावात अजून वाद आहे. मला घोडा आवडतो.

चिकित्सक

लेख वाचनीय, पण मला एक सांगा. बाटलीवर 'ओल्ड व्हाइन' (जुनी वेल) लिहायला अमेरिकेत वयाची अट काय आहे? माझ्या माहितीप्रमाणे काहीच नाही. उद्या मी वीस वर्षांच्या बागेची वाइन काढून तेच लिहिलं तर मला कोण अडवणार? आमच्याकडे 'गावरान तूप' लिहितात तसलाच प्रकार.

बे_एरियाचा_भाऊ

बरोबर पकडलंत. कायद्यात व्याख्या नाही. पण २०११ पासून कॅलिफोर्नियात हिस्टॉरिक व्हिनयार्ड सोसायटी नावाची संस्था आहे, ती जुन्या मळ्यांची नोंद ठेवते. त्यांचा निकष कडक आहे: बाग निदान पन्नास वर्षांची हवी आणि आज फळ देणाऱ्या वेलींपैकी किमान एक तृतीयांश मूळ लागवडीतल्या हव्यात. शिवाय २०२४ मध्ये ओआयव्ही या आंतरराष्ट्रीय संघटनेने ३५ वर्षांपुढची वेल ती 'जुनी वेल' अशी व्याख्या केली. पण ती शिफारस, बंधन नव्हे.

व्यवहारात बाटली घेताना मी मळ्याचं नाव आणि लागवडीचं साल शोधतो. साल छापायची हिंमत असेल तर पुढे बोलू.

ॲडलेडची_सून

आमच्या ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यात हे काम २००९ मध्येच झालंय. तिथे सरळ चार पायऱ्या आहेत. ३५ वर्षांपुढची 'ओल्ड', ७० पुढची 'सर्व्हायव्हर', १०० पुढची 'सेन्टिनेरियन' आणि १२५ पुढची 'ॲन्सेस्टर'. म्हणजे ज्येष्ठ नागरिक, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. साउथ ऑस्ट्रेलियात फायलोक्सेरा पोचलाच नाही. बाहेरून राज्यात येताना द्राक्षं, वेलीची काडी, शेतातला चिखल, सगळ्याला बंदी आहे. तिथल्या मळ्यात बूट औषधाच्या पाण्यात बुडवून मगच आत सोडतात. तनुंदा गावातली १८४३ ची शिराझ (हीही लाल वाइनची जात) अजून फळ देते.

आणि गंमत म्हणजे १९८० च्या दशकात तिथल्या सरकारने शेतकऱ्यांना पैसे देऊन जुन्या वेली उपटायला लावल्या होत्या. द्राक्ष जास्त, भाव नाही. ज्यांनी तेव्हा ऐकलं नाही तेच आज मान ताठ करून फिरतात. माझ्या सासऱ्यांच्या मित्राने त्या वेळी पैसे घेतले होते. आता शिराझचा विषय निघाला की ते उठून बागेत पाणी घालायला जातात.

फोल्समची_मावशी

भाऊ, तुझा लेख वाचून १९९२ आठवलं. आम्ही नवीन आलो तेव्हा मराठी मंडळाच्या पार्टीत बायकांसाठी म्हणून एक गुलाबी, गोड वाइन असायची. तीच माझी पहिली झिनफँडेल. सरबतच वाटायचं. त्या गुलाबी पाण्याचा आणि तुझ्या या काळ्या वाइनचा काही संबंध आहे का रे? की नुसतं नाव सारखं?

बे_एरियाचा_भाऊ

मावशी, संबंध असा आहे की त्या गुलाबी सरबतानेच ही म्हातारी वाचवली.

नापातल्या सटर होम वायनरीचे बॉब ट्रिन्चेरो. लाल वाइन जास्त दाट व्हावी म्हणून ते रसाचा थोडा भाग सुरुवातीलाच काढून घेऊन त्याची वेगळी फिकी वाइन करत. १९७५ मध्ये त्या फिक्या रसाचं आंबणं अर्ध्यावर बंद पडलं. साखर शिल्लक राहिली, रंग गुलाबी. त्यांनी ती तशीच बाटलीत भरली आणि लोकांनी डोक्यावर घेतली. १९८० च्या दशकात मागणी इतकी वाढली की झिनफँडेल म्हणेल त्याला गिऱ्हाईक मिळू लागलं. त्याच काळात बाकीचे लोक कॅबरने आणि शार्डनेच्या मागे लागून जुन्या बागा उपटत होते. झिनफँडेलवाल्यांना उपटायचं कारण उरलं नाही. रसिक लोक आजही या गुलाबी 'व्हाइट झिन'ला नाकं मुरडतात. मी मुरडत नाही.

त्याआधीचा एक जीवदान तर याहून अजब. १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती. वायनऱ्या बंद. पण कायद्यात एक फट होती: घरच्या घरी फळांचा रस करायला परवानगी, एका कुटुंबाला वर्षाला २०० गॅलन. रस किती दिवस ठेवायचा हे ज्याचं त्याने बघावं! लोडायहून झिनफँडेलचे डबे आगगाडीने न्यूयॉर्क, शिकागोकडे जायचे, तिथले इटालियन लोक स्टेशनवरच विकत घ्यायचे. दारूबंदीने द्राक्षाचा भाव पाडला नाही, चढवला.

कोरडा_दिवस

आमच्या वर्ध्याच्या मामांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, यात नवीन काय?

निफाडचा_बागायतदार

नमस्कार. मी वाइन पीत नाही, माळकरी आहे. पण द्राक्ष तिसऱ्या पिढीचं आहे म्हणून लिहितो.

शंभर वर्षांचं झाड ऐकून पहिल्यांदा खोटंच वाटलं. आमच्याकडे थॉम्पसनचा प्लॉट बारा-पंधरा वर्षांचा झाला की माल उतरतो, ओलांडे (वेलीचे आडवे बाहू) डोळे, म्हणजे कोंब, सोडत नाहीत, मग बाग काढायची. कारण साधं आहे. तुमच्याकडे झाड हिवाळ्यात झोपतं. आमच्याकडे त्याला झोपूच देत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती काडी तयार करायला. मग ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, ती फळाला. वर्षातून दोनदा कापायचं, दोनदा फुटायला लावायचं, वर जीएचे (मणी फुगवायच्या संजीवकाचे) हात द्यायचे, हायड्रोजन सायनामाइड लावून डोळे जागे करायचे. माणसाला असं राबवलं तर तोही साठी बघणार नाही.

दुसरं खुंटाचं. आमच्याकडे सगळं डॉगरिजवर किंवा ११० आर वर. पण ते तुमच्या त्या किड्यामुळे नाही, खारं पाणी आणि दुष्काळ यामुळे. वडलांच्या वेळेला स्वतःच्या मुळावरच्या बागा होत्या.

तिसरं, जे वाचून थांबलो. आजोबांची भोकरी होती. बारकं, हिरवट, सालीला जाड द्राक्ष, आता कुणाकडे दिसत नाही. तिला तार-मांडव काही नसायचं. प्रत्येक वेलाशेजारी पांगाऱ्याचा खुंट रोवायचे, तो पांगारा स्वतःच फुटायचा, जगायचा, आणि वेल त्याच्या अंगावर. एकेक झाड वेगळं उभं. तुम्ही जे "उकिडवं बसलंय" लिहिलंय ते मी लहानपणी बघितलंय. फक्त आमचं पांगाऱ्याला टेकून बसायचं.

दोन प्रश्न. एकरी माल किती निघतो? आणि साखर किती ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) तोडतात?

बे_एरियाचा_भाऊ

दादा, तुमच्या प्रतिसादाने धाग्याचं सार्थक झालं. पांगाऱ्याचं मला अजिबात माहीत नव्हतं.

माल: त्या नऊ एकरांत एकरी जेमतेम तीन टन, कधी दोन. खाली त्याच गावात तारेवरच्या, मशीनने तोडायच्या तरुण बागा त्याच्या तिप्पट देतात. साखर २५ ब्रिक्सच्या आसपास, कधी त्याच्याही वर, कारण ते सुकलेले मणी टाकीत भिजल्यावर आणखी साखर सोडतात.

आणि तुमच्या जिल्ह्याशी एक धागा आहेच. नाशिकला सुला वायनरी सुरू झाली तेव्हा तिच्या राजीव सामंतांनी सल्लागार म्हणून कॅलिफोर्नियाचेच केरी डॅम्स्की आणले होते, आणि झिनफँडेलही तिथे सुरुवातीच्या काळात लावली गेली. तुमच्या दिंडोरीच्या बाजूला ही जात बघायला मिळेल.

निफाडचा_बागायतदार

२५ ब्रिक्स! आमचा एक्सपोर्टचा माल १८ ला निघतो. एकरी तीन टनांत आमचं औषधाचं बिलसुद्धा सुटणार नाही. तुमचा शेतकरी जगतो कसा ते विचारा एकदा.

रसायन

मी वनस्पतिशास्त्रवाला आहे, प्यायचं कामही करतो. भाऊंच्या मूळ प्रश्नाकडे येऊ.

म्हाताऱ्या वेलीत जादू नसते, पण तीन-चार गोष्टी जमून येतात. एक, मुळं खोल गेलेली, त्यामुळे उन्हाचा एखादा झटका आला किंवा एखादं पाणी चुकलं तरी ती लगेच घाबरत नाही. दोन, जाड खोडात आणि बाहूंत पिष्टाचा साठा मोठा, वसंतात फुटायला तो उपयोगी पडतो. तीन, वय झाल्याने विषाणू आणि खोडाची बुरशी अंगात मुरलेली असते, त्याने जोर कमी होतो, माल कमी येतो. हे तिसरं कोणी जाहिरातीत लिहीत नाही. 'आमची द्राक्षं थोडी आजारी आहेत म्हणून बरी' असं कोण छापणार?

आणि चौथं, माझ्या मते सगळ्यांत मोठं. शंभर वर्षांत ज्या बागांची वाइन वाईट होत होती त्या केव्हाच उपटल्या गेल्या. आज जी उभी आहे ती चांगली जागा होती म्हणून उभी आहे. तेव्हा वयामुळे चांगली की चांगली म्हणून इतक्या वयाची, हे उलगडायला जाऊ नका, गुंता वाढेल.

जातीचं थोडं सांगतो. झिनफँडेलला अमेरिकन द्राक्ष समजायचे. ती १८३० च्या दशकात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर काचघरात वाढवलेलं खाण्याचं द्राक्ष म्हणून मिरवत होती. इटलीतल्या प्रिमितिवोशी ती एकच आहे हे आधी कळलं. मग कॅलिफोर्नियातल्या यूसी डेव्हिस विद्यापीठाच्या कॅरोल मेरेडिथ आणि क्रोएशियाचे पेयिच व मालेटिच यांनी मूळ शोधायचं ठरवलं. २००१ मध्ये डाल्मेशियन किनाऱ्यावर कास्तेलाच्या एका जुन्या बागेत, बाकीच्या वेलींत मिसळलेल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या झाडांशी डीएनए जुळला. तिथलं नाव त्सर्ल्येनाक कास्तेलान्स्की, त्याहून जुनं त्रिबिद्राग. माहेरी ती जवळपास संपली होती, सासरी शंभर वर्षांच्या बागा.

चिकित्सक

रसायन यांचा चौथा मुद्दा पटला. तरी माझं म्हणणं, झाकून प्यायल्याशिवाय सगळं व्यर्थ. भाऊ, करून दाखवा.

बे_एरियाचा_भाऊ

केलं. परवा शनिवारी, आमच्याकडे, आठ जण.

तीन बाटल्या, तिन्ही लोडायच्या, तिन्ही झिनफँडेल, एकाच सालच्या. एक शंभरीपार मळ्याची, एक पन्नाशीतल्या, एक तारेवरच्या तरुण बागेची. इंडियन ग्रोसरीच्या तपकिरी पिशव्यांत गुंडाळल्या, बायकोने आकडे टाकले, मी खोलीबाहेर. ग्लास कमी पडले म्हणून दोघांना स्टीलचे पेले, त्याबद्दल रसिकांची माफी.

निकाल. आठपैकी पाच जणांनी शंभरीची ओळखली. ओळखली म्हणजे 'आवडली' म्हणून तिलाच म्हातारी म्हणाले. दोघांनी तरुण बाटलीला म्हातारी ठरवलं, आणि त्या दोघांत मी एक. त्या बाटलीत नव्या ओकच्या लाकडी पिंपाचा व्हॅनिलासारखा वास इतका होता की मला ते वजन वयाचं वाटलं. लाकडाने फसवलं.

उघड केल्यावर परत प्यायलो तेव्हा फरक कशात ते लक्षात आलं. तरुण वाइन पहिल्या घोटाला सगळं सांगून टाकते आणि मग तेच तेच सांगते. शंभरीची सुरुवातीला जरा गप्प होती. तासाभराने, मंडळी भरताला बसली तोवर, ग्लासात काहीतरी वेगळंच आलं होतं: ओल्या पाचोळ्यासारखं, बडीशेपेसारखं. बायको म्हणाली गुलकंद. मला गुलकंद सापडला नाही, पण वाद घातला नाही.

हेच ओळखून २०१२ च्या हंगामापासून तिथल्या काही वाइनकर्त्यांनी 'लोडाय नेटिव्ह' नावाने वेगळी वाट धरली. एकेका जुन्या मळ्याची वाइन, बाहेरचं यीस्ट नाही, नवा ओक नाही, काही मिसळायचं नाही. मळ्याचा आवाज ऐकू यावा म्हणून बाकीचा बँड बंद. त्या बाटल्या ओळीने प्यायलात तर गावाच्या पश्चिमेच्या मळ्यांना मातीचा वास आणि पूर्वेच्या जास्त रेताड मळ्यांना फुलांचा, लाल फळांचा, हा फरक कळतो. दोन्ही मळ्यांत अंतर किती, तर आमच्या घरापासून किराणा दुकान.

फोल्समची_मावशी

भरीत बरोबर केलंस. मी मटणाच्या रश्श्याबरोबर प्यायले होते एकदा. साडेपंधरा टक्के आणि लवंगी मिरची, कानातून धूर आला. यांना वाटलं मला काही झालं.

ॲडलेडची_सून

मावशी +१. तिखट आणि मद्यार्क एकमेकांना चढवतात. खोबऱ्याचं वाटण असलेलं, कमी तिखट काहीतरी हवं. वालाचं बिरडं चालतं, मी करून बघितलंय.

तळेगावकर

अवांतर, पण लोडायपासून खाली स्टॉकटनला १९१२ चा गुरुद्वारा आहे, गदर या स्वातंत्र्यचळवळीतल्या पक्षाचा तो मोठा आधार होता. आपले पांडुरंग खानखोजे आणि विष्णू गणेश पिंगळे हे दोघेही गदरचे. त्यातले खानखोजे तर शेतीशास्त्र शिकलेले, पुढे मेक्सिकोत मक्यावर काम केलं. भाऊ, पुढच्या फेरीत तिकडेही वाट वाकडी करा.

चिकित्सक

पाचास तीन. मान्य. तक्रार मागे घेत नाही, पण एक बाटली घेतो.

बे_एरियाचा_भाऊ

पाच महिन्यांनी धागा वर काढतोय, माफी असावी.

निफाडच्या दादांनी विचारलं होतं, शेतकरी जगतो कसा. काल परत गेलो होतो छाटणी बघायला. फेब्रुवारीत वेली नुसत्या खोडाच्या असतात, धुक्यात काळ्या. छाटणी हातकात्रीने, प्रत्येक बाहूवर दोन डोळ्यांचे ठूस ठेवून बाकी सगळं काढायचं. या वेलीत मशीन चालत नाही, ना छाटायला ना तोडायला. मजुरी वाढत चाललेली, आणि गेली दोन-तीन वर्षं राज्यभर द्राक्ष पडून राहतंय, लोक वाइनच कमी पितात. गेल्या हंगामात मालकांचा निम्मा माल ठरलेल्या गिऱ्हाइकाने उचललाच नाही. तो झाडावरच सुकला, पाखरांनी खाल्ला.

शेजारचा मळा, तोही तितकाच जुना, डिसेंबरात काढला. बुलडोझरने दोन दिवसांत. मी गेलो तेव्हा खोडांचा ढीग माझ्या डोक्याएवढा होता, जाळायच्या परवानगीची वाट बघत. आता तिथे बदाम लावणार. मी तो मालक असतो तर मीही कदाचित तेच केलं असतं.

आमच्या मालकांना विचारलं, तुम्ही? ते म्हणाले, "मी गेल्यावर मुलगी ठरवेल. ती सिॲटलला सॉफ्टवेअरमध्ये आहे." मी गप्प बसलो, मीही सॉफ्टवेअरमध्येच आहे.

ढिगातलं एक खोड त्यांनी उचलून डिकीत टाकलं. घरी वजनकाट्यावर ठेवलं, साडेअकरा किलो. बाल्कनीत उभं केलंय.

निफाडचा_बागायतदार

वाईट वाटलं. आमच्याकडे बाग काढताना ट्रॅक्टरवाला सकाळी येतो, आम्ही त्या दिवशी मळ्यात जात नाही.

एक विचारतो. तुमच्या मालकांच्या छाटणीच्या काड्या निघाल्या असतील ना? त्यांना सांगा ओल्या गोणपाटात गुंडाळून थंड जागी ठेवा, उलटी-सुलटी ओळखायला वरचं टोक तिरकं कापा. वाळूत, त्यांच्या मुळावर, खुंट न लावता लागतील. तीन डोळ्यांची काडी, दोन मातीत, एक वर.

बे_एरियाचा_भाऊ

दादा, फोन केला. काड्यांचे दोन भारे अजून बांधावर पडलेत म्हणतात. मेलेल्या वेलींच्या जागा भरायला ते दर वर्षी थोड्या लावतातच, पण यंदा कंटाळा केला होता. शनिवारी जातोय. गोणपाट इथे कुठे मिळेल ते कोणी सांगा, इंडियन ग्रोसरीत बासमतीची पिशवी चालेल का?

फोल्समची_मावशी

बासमतीची चालेल. माझ्याकडे चार आहेत, येताना घेऊन जा.